स्पेशल एड टीचरला खरंच जास्त पगार मिळतो का? (न्यू जर्सी) शुक्रवारपर्यंत सही करायचीय

प्राजक्ती

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहितेय, चुकीच्या विभागात पडलं असेल तर ॲडमिननी हलवावं.

मी भारतात बी.एड. स्पेशल एज्युकेशन केलंय आणि ७ वर्षं विशेष शाळेत शिकवलंय, मुलं मुख्यतः बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझमची. मागच्या वर्षी ग्रीन कार्ड हातात आलं, मग डिग्रीचं इव्हॅल्युएशन (इथल्या डिग्रीशी तुलना), प्रॅक्सिस ही शिक्षकांची परीक्षा, फॉर्म, ठसे सगळं करत करत एकदाचं एलिमेंटरीचं सर्टिफिकेट आणि त्यावर टीचर ऑफ स्टुडंट्स विथ डिसॅबिलिटीजचं एन्डॉर्समेंट मिळालं. आता दोन ऑफर आहेत. एक पब्लिक डिस्ट्रिक्टची (सरकारी शाळांची), एलिमेंटरीत रिसोर्स रूम, म्हणजे मुलांना काही तासांपुरतं वेगळं बसवून शिकवायचा वर्ग, बीए कॉलम स्टेप १, ५९,४०० डॉलर. दुसरी प्रायव्हेट स्पेशल स्कूलची, ऑटिझमचा वर्ग, ५४,००० पण बारा महिने, म्हणजे उन्हाळ्यातसुद्धा शाळा.

मला सगळे सांगत होते की इथे स्पेशल एडवाल्यांची इतकी टंचाई आहे की तू म्हणशील तो पगार देतील. एचआरच्या बाईंना भीत भीत विचारलं तर त्या म्हणाल्या हा सॅलरी गाइड (पगाराचा ठरलेला तक्ता) आहे, यात काही करता येत नाही. मग टंचाईचा पगार जातो कुठे? आणि सात वर्षांचा अनुभव असून स्टेप १? शुक्रवारपर्यंत सही द्यायचीय. कोणी या क्षेत्रात असेल तर प्लीज सांगा.

---

बोरीचा_पार

सही करू नकोस अजून. आधी वाच.

मी न्यू जर्सीतच आहे, १४ वर्षं रिसोर्स आणि इन-क्लास सपोर्ट. पहिली गोष्ट, जास्त पगाराची अफवा डोक्यातून काढून टाक. पब्लिक डिस्ट्रिक्टमध्ये स्पेशल एडचा वेगळा पगार नसतो, युनियनने केलेल्या करारात जो सॅलरी गाइड असतो तोच पहिलीच्या बाईंना, गणिताच्या सरांना आणि तुला. देशभराचे आकडे बघितलेस तरी तेच दिसेल, मे २०२४ चं सरकारी लेबर खात्याचं मीडियन, म्हणजे मधला पगार, स्पेशल एडला ६४,२७० आणि हायस्कूल टीचरला ६४,५८०. म्हणजे काय, तर टंचाई असली तरी आकडा जवळपास तोच. लोक इंटरनेटवर ९० हजार बघून येतात तो बहुतेक वीस वर्षं घासलेल्या माणसाचा असतो.

आता गाइड कसा वाचायचा. वरून खाली जाणाऱ्या ओळी म्हणजे स्टेप, वर्षांच्या. डावीकडून उजवीकडे जाणारे कॉलम म्हणजे शिक्षण, बीए, बीए प्लस १५, एमए, एमए प्लस ३० असे काहीतरी. तुझा पगार म्हणजे त्या तक्त्यातला एक चौकोन, बस. चांगलं शिकवलंस म्हणून चौकोन बदलत नाही आणि वाईट शिकवलंस म्हणूनही नाही. (यावर मला खूप बोलायचंय पण ते वेगळ्या धाग्यावर.) आणखी एक खोच बघ, आमच्याकडचे बरेच गाइड असे असतात की खालच्या स्टेपमध्ये दरवर्षी जेमतेम पाचशे-हजार वाढतात आणि खरी उडी शेवटच्या तीनचार स्टेपला असते, त्यामुळे तू कुठून सुरुवात करतेस यावर तिथे पोचायला किती वर्षं लागतील ते ठरतं. स्टेप १ आणि स्टेप ६ मधला आजचा फरक तीन-चार हजारांचा दिसेल, पण वरची मोठी उडी पाच वर्षं आधी मिळते आणि पैसा तिथे आहे.

आणि एचआरच्या बाई जे म्हणाल्या ते अर्धंच खरं आहे. गाइडमधले आकडे बदलता येत नाहीत हे बरोबर. पण तुला कुठल्या स्टेपवर बसवायचं ते न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे नेमणुकीच्या वेळी तू आणि डिस्ट्रिक्टचं बोर्ड दोघांनी मिळून ठरवायचं असतं. बाहेरचा अनुभव धरलाच पाहिजे अशी सक्ती नाही, लष्करातली सेवा सोडली तर. म्हणजे मागितलंस तर मिळू शकतं, नाही मागितलंस तर कोणी आणून देणार नाही आणि एकदा सही झाली की पुढे वर सरकवणं जवळपास अशक्य. आमच्याकडे एक जण नऊ वर्षांचा अनुभव घेऊन आला आणि लाजून स्टेप १ वर बसला, अजून माझ्या मागे आहे आणि वयाने मोठा आहे.

करार कुठे मिळेल विचारशील तर पर्क, म्हणजे राज्याचं पब्लिक एम्प्लॉयमेंट रिलेशन्स कमिशन, त्यांच्या साइटवर डिस्ट्रिक्टचे करार टाकलेले असतात. तुझ्या डिस्ट्रिक्टचं नाव शोध आणि शेवटची पानं उघड, गाइड तिथेच असतो.

आणि हो, तुझ्याकडे एम.ए. वगैरे काही आहे का? असेल तर आधी सांग.

---

सडाफटिंग

मी आयटीवाला आहे, बायको या लाइनमध्ये आहे म्हणून आगाऊपणा करतोय. माझा बेसिक प्रश्न असा की टंचाई असेल तर भाव वाढायला पाहिजे ना, साधा बाजार आहे. इथे दरवर्षी स्पेशल एडच्या जागा रिकाम्या म्हणून रडतात, सबस्टिट्यूट लावतात, इमर्जन्सी सर्टिफिकेटवाले घेतात पण दहा हजार जास्त देऊन माणूस घ्या म्हटलं की युनियन आडवी येते. मला तर वाटतं युनियनच प्रॉब्लेम आहे. आता मारा मला.

---

पाटीपेन्सिल

मारत नाही पण अर्धवट बोलताय.

युनियन एकच गाइड धरून बसते हे खरं, कारण एकदा तुकडे पडले की दरवर्षी कोणाला जास्त यावर भांडणं. पण युनियन कमजोर असलेल्या राज्यात काय झालं ते बघा ना. विस्कॉन्सिनमध्ये २०११ मध्ये ॲक्ट १० आला, युनियनचं बार्गेनिंग (पगाराची वाटाघाट) जवळपास संपवलं, डिस्ट्रिक्ट आपापले पगार ठरवायला लागले. स्पेशल एडच्या काहींना जास्त मिळालं, पण पेन्शन आणि इन्शुरन्सचा वाटा खिशातून जायला लागला त्यामुळे एकूण हातात येणारं बऱ्याच जणांचं कमीच झालं. टेक्सासात उलटं बघायला मिळतं, राज्याचा किमान तक्ता असतो आणि त्यावर डिस्ट्रिक्ट स्पेशल एडचा स्टायपेंड लावतात, कुठे हजार-दोन हजार, कुठे त्याहून बरा. मी तिथे होते चार वर्षं. स्टायपेंड मिळायचा पण तो दरवर्षीच्या बजेटवर, मूळ पगारात मुरत नाही.

युनियन असूनही वेगळा पैसा देता येतो याचं उदाहरण हवाई. तिथे २०२० पासून वर्गात शिकवणाऱ्या स्पेशल एड टीचरला वर्षाला १०,००० डॉलर वेगळे देतात. रिकाम्या जागा कमी झाल्या, पण गंमत अशी की बाहेरून नवीन लोकांचा लोंढा आला असं नाही, तिथलेच जनरल एडचे, ज्यांच्याकडे स्पेशल एडचं लायसन्स पडून होतं, ते परत इकडे वळले. म्हणजे माणसं होतीच, ती पळून गेली होती.

आणि मूळ दुखणं पैशाच्या झऱ्याचं आहे. १९७५ च्या कायद्यात केंद्र सरकारने म्हटलं होतं की या मुलांच्या शिक्षणाचा जो जास्तीचा खर्च येतो त्यासाठी सरासरी दरडोई खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत आम्ही देऊ. आजही त्याच्या निम्म्याला पोचत नाही. मुलाला जे लागेल ते कायद्याने द्यावंच लागतं, मग उरलेलं राज्य आणि गावचा प्रॉपर्टी टॅक्स. गाव श्रीमंत तर गाइड बरा. दोन मैलांवरच्या दोन डिस्ट्रिक्टमध्ये एकाच चौकोनात आठ-दहा हजारांचा फरक मी स्वतः बघितलाय, मुलं तशीच, आयईपी (प्रत्येक मुलाची स्वतंत्र शिक्षण योजना) तसेच.

---

सडाफटिंग

@पाटीपेन्सिल ओके हवाईचं माहीत नव्हतं. मागे घेतो. अर्धं.

---

कुंदकळी

मी पॅरा आहे, म्हणजे वर्गातली असिस्टंट. टीचरच्या पगाराचा धागा आहे पण प्राजक्ती तुला एक सांगायचं राहिलं तर रात्री झोप लागणार नाही.

पगार बघताना विचार की वर्गात पॅरा किती आहेत. आमचा पगार देशात वर्षाला ३५ हजारांच्या आसपास, तोही पूर्ण वेळ मिळाला तर. आमच्याकडे सगळ्या पॅरांना आठवड्याला साडेएकोणतीस तास देतात कारण तीस झाले की हेल्थ इन्शुरन्सचा प्रश्न येतो. मग पॅरा टिकत नाहीत, ऑक्टोबरात आलेली जानेवारीत जाते आणि तिचं काम कोणाकडे जातं, टीचरकडे. आमच्या वर्गात या वर्षी आठ मुलं, दोन डायपरवाली, एक पळणारा, म्हणजे दार उघडं दिसलं की सुटलाच. मागच्या महिन्यात दुसरी पॅरा नव्हती तेव्हा आमच्या मॅडम एका हाताने एकाला धरून दुसऱ्या हाताने टॅबलेटवर डेटा टिपत होत्या, किती वेळा मारलं किती वेळा शब्द वापरला, कारण तो डेटा नसेल तर आयईपी मीटिंगला आई-वडिलांचा वकील विचारणार. त्यांना चावलेलं मनगट पांढऱ्या पट्टीत होतं. त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये बघितलं, गाडीत बसून लॅपटॉपवर टाइप करत होत्या, घरी गेलं की होत नाही म्हणाल्या.

त्या वेळेचे पैसे कुठल्याच चौकोनात नाहीत. म्हणून विचार.

---

बोरीचा_पार

कुंदकळी शंभर टक्के. यालाच जोडून, केसलोड विचार, म्हणजे तुझ्या नावावर किती मुलांचे आयईपी असतील. आमच्या मॅडम लोकांत कोणाचे आठ तर कोणाचे बावीस, पगार तोच. काही करारांत अशी ओळ असते की ठरलेल्या संख्येवर मुलं गेली तर प्रत्येकामागे इतके पैसे, आणि प्रेप पिरियड (तयारीचा मोकळा तास) बुडाला तर तासाचा दर. तुझ्या करारात शोध. नसेल तर मनाची तयारी ठेव.

---

घड्याळजी

प्रायव्हेटबद्दल मी सांगतो, तीन वर्षं तशाच शाळेत होतो, नाव घेत नाही. चांगली शाळा होती, शिकायला मिळालं, बिहेवियर ॲनालिस्ट वर्गात यायची, पब्लिकमध्ये ते सुख नाही. पण पैशाचं गणित डोळे उघडून करा. ५४ हजार बारा महिन्यांचे म्हणजे दिवस बघा, २१० वगैरे असतील. पब्लिकचे ५९,४०० साधारण १८५ दिवसांचे. दिवसाला भागाकार केला तर एकीकडे २५७ आणि दुसरीकडे ३२१ डॉलर. उन्हाळ्यात पब्लिकमध्ये एक्स्टेंडेड स्कूल इयर केलंस तर त्याचे वेगळे पैसे, वर. शिवाय पब्लिकमध्ये टीचर पेन्शन फंड, प्रायव्हेटला फार तर ४०१के सारखं निवृत्तीच्या बचतीचं खातं. आणि टेन्युअर, म्हणजे कायम नोकरीचं संरक्षण, नाही.

शाळांना शिक्षक पुरवणारे एजन्सीवाले पण फोन करतील तुला. तासाचा दर ऐकून डोळे पांढरे होतात, पण बर्फ पडून शाळा बंद तर पैसे बंद, ख्रिसमसची सुट्टी बिनपगारी, आणि ती वर्षं पुढे डिस्ट्रिक्टने धरली तर धरली.

---

प्राजक्ती

अरे बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी, थँक यू मनापासून. ऑफिसातून आल्यावर नवऱ्यालाही वाचायला लावलं.

करार सापडला पर्कवर. स्टेप ६ बीएला ६२,९०० आहे. शेवटच्या स्टेपला ९४ हजार, आणि बोरीचा_पार म्हणाले तसंच, शेवटच्या तीन स्टेपमध्ये पाच-पाच, सहा-सहा हजारांची उडी. केसलोडबद्दल काहीच ओळ नाही.

आणि हो, माझं एम.ए. मानसशास्त्र आहे. पण इव्हॅल्युएशनला मी फक्त बी.ए. आणि बी.एड. दिलं कारण सर्टिफिकेटला तेवढंच लागत होतं आणि प्रत्येक डिग्रीचे वेगळे पैसे पडत होते म्हटलं कशाला. आता स्वतःलाच चापट मारावीशी वाटतेय. एमए कॉलम बघितला तर प्रत्येक स्टेपला ४,२०० जास्त आहेत.

हातात किती येईल ते पण कोणी सांगेल का? नवरा म्हणतो बारा महिन्यांनी भाग, मैत्रीण म्हणते दहाने.

---

बोरीचा_पार

दहाने. सोपं म्हणून साठ हजार धर. सप्टेंबर ते जून, महिन्यातून दोनदा, वीस चेक, प्रत्येकी ३,००० कागदावर. त्यातून पेन्शनचे साडेसात टक्के, २२५. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून साधारण २३०. (हे न्यू जर्सीत आहे, कॅलिफोर्निया, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्सला टीचर सोशल सिक्युरिटीत भरतच नाहीत, तिकडचे आकडे वाचून गोंधळू नकोस.) मग इन्शुरन्सचा वाटा, फेडरल, स्टेट टॅक्स, युनियन. नवऱ्याच्या इन्शुरन्सवर असशील तर बरं, नाहीतर बावीसशेच्या खाली चेक येईल. जुलै-ऑगस्ट शून्य. पहिल्या वर्षी मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि ऑगस्टचं भाडं मी भावाकडून घेतलंय. काही डिस्ट्रिक्ट दर चेकमधून थोडं कापून उन्हाळ्यासाठी ठेवतात, ते घे.

पेन्शन पक्कं व्हायला दहा वर्षं लागतात हे पण डोक्यात ठेव.

एम.ए. मानसशास्त्र धरतील का ते करारात बघ. कुठे कुठे लिहिलेलं असतं की मास्टर्स विषयाशी संबंधित हवी किंवा सुपरिंटेंडंटची (डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाची) मंजुरी हवी. मानसशास्त्र आहे, चालायला पाहिजे. सही करताना पत्रात लिहून घे की इव्हॅल्युएशन आल्यावर कॉलम बदलेल, कधीपासून तेही. तोंडी नको.

---

पाटीपेन्सिल

मास्टर्सवरून आठवलं, दुसऱ्या राज्यातलं कोणी वाचत असेल तर, मास्टर्सचे पैसे सगळीकडे मिळतात असं धरू नका. नॉर्थ कॅरोलिनाने २०१३ मध्ये नवीन लोकांसाठी ते बंद केले. तीस-चाळीस हजारांचं कर्ज काढून मास्टर्स करायची आणि कॉलमच नाही अशी गत व्हायची. न्यूयॉर्कमध्ये उलट, पक्क्या सर्टिफिकेटसाठी बरीच वर्षं मास्टर्सच मागत आलेत.

आणि कर्ज असेल तर फेडरल लोन फर्गिव्हनेस बघा, गरीब वस्तीच्या शाळेत पात्र स्पेशल एड टीचरने सलग पाच वर्षं काढली तर १७,५०० पर्यंत माफ, बाकीच्या बऱ्याच विषयांना ५,००० च. या एका ठिकाणी खरंच फरक पडतो. पण फक्त इथल्या फेडरल कर्जाला, भारतातल्या बँकेच्या कर्जाला नाही, म्हणजे प्राजक्तीला काही उपयोग नाही.

---

सडाफटिंग

बायकोने वाचून एक ओळ टाकायला सांगितलीय, ज्यांना वर्गापेक्षा थेरपीत रस आहे त्यांनी स्पीच थेरपीचं बघावं, काम त्याच शाळेत, देशाचं मीडियन (शाळा, हॉस्पिटल सगळं मिळून) ९५ हजारांच्या आसपास आहे. ती स्वतः करणार नाहीये पण. विचारलं का तर म्हणे मला मुलगा दिवसभर लागतो, अर्धा तास नाही. यावर बाजाराचं मॉडेल काय म्हणतं माहीत नाही.

---

प्राजक्ती

अपडेट. काल एचआरला मेल केली. पाठ करून ठेवल्यासारखं लिहिलं की माझी सात वर्षं पूर्ण वेळ स्पेशल एडची आहेत, शाळेची अनुभवाची पत्रं सोबत जोडलीयेत, स्टेप ७ ची विनंती करते. मेल पाठवल्यावर तासभर पोटात गोळा, म्हटलं ऑफरच मागे घेतात की काय. आज सकाळी त्या बाईंचाच फोन आला, एकदम गोड आवाजात. म्हणे सुपरिंटेंडंट पाच वर्षं धरायला तयार आहेत, कारण दोन पत्रांत फुल टाइम असा शब्द नाहीये. म्हणजे स्टेप ६. फोनवर मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही, उद्या सांगते म्हटलं. (हे मी म्हणू शकले यावर नवऱ्याचा अजून विश्वास बसत नाहीये.)

केसलोड विचारला. चौदा. पॅरा दोन वर्गांत मिळून एक. हे उत्तर द्यायला त्यांनी बराच वेळ घेतला.

एमएचं पत्रात लिहून देतील म्हणाल्या, १ फेब्रुवारीच्या आत इव्हॅल्युएशन आलं तर त्या तारखेपासून कॉलम बदलणार. आता युनिव्हर्सिटीकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मागवायचीय. मागच्या वेळी बी.ए. चीच यायला चार महिने लागले होते. बहिणीला फोन केलाय, ती सोमवारी खिडकीवर जाऊन उभी राहते म्हणालीय.

---

बोरीचा_पार

स्टेप ६ घे. आणि तुझ्या जुन्या मुख्याध्यापकांना फोन करून त्या दोन पत्रांत फुल टाइम शब्द घालून नवीन मागव, सहीच्या आधी आलं तर अजून एक स्टेप मागता येईल. बहिणीला सांग पाकिटाच्या झाकणावर शिक्का आडवा मारून घे, नुसतं चिकटवलेलं इव्हॅल्युएशनवाले परत पाठवतात.